न ऐकता म्हटलेला निरोप

मायेस्त्रो क्रिसांतोची शवपेटी पुढच्या खोलीत ठेवली होती आणि तिच्याखालून एक निळी वायर गेली होती.

त्या वायरीवरून सकाळपासून दोनदा वाजलं होतं. भिंतीकडून न्यावी तर कॉफीचे कप घेऊन फिरणाऱ्या बायका अडखळणार, दारातून न्यावी तर खांदेकरी अडखळणार. पेटीच्या पायांमधून, हाच एक रस्ता उरतो, हे पिदोंगनं येईल त्याला समजावलं होतं. त्यात घरात मेलेलं माणूस असेतो झाडू लागत नाही. जमिनीवर बिस्किटांचा चुरा होता, शेंगांची टरफलं होती, पत्त्यांच्या डावातून निसटलेला चौकटचा राजा होता, आणि त्या सगळ्यातून ती वायर सरळ रेषेत खिडकीबाहेर, कोपऱ्यावरच्या आलिंग तेरिंगच्या दुकानातल्या इंटरनेटकडे गेली होती.

"तुझा बाप जन्मभर हवेतून आवाज पाठवत आला," तियो बासिल्यो म्हणाला. त्याचा मोठा ढोल त्यानं पेटीच्या डोक्याशी आणून ठेवला होता, पहाऱ्याला बसवल्यासारखा. "त्याला वायर लागली नाही कधी."

"हवेतून कुवेतला पोचत नाही, तियो."

"मग नाही पोचत म्हणावं आणि गप बसावं."

पिदोंग गप बसला. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण काकासमोर अजून त्याचे कान तापत. सांगायचं ते सांगून झालं होतं. दुपारी ताताय, त्याचे वडील, घरातून निघणार. या घराची रीत अशी, की बँडचा मायेस्त्रो गेला की त्याच्या थोरल्या लेकरानं निरोपाचं गाणं सुरू केल्याशिवाय पेटी उंबरा ओलांडत नाही. पहिली ओळ त्यानं एकट्यानं म्हणायची. दुसऱ्या ओळीला बँड उचलतो आणि तिसऱ्या कडव्याआधी खांदेकरी पेटी. पणजोबांपासून असंच चाललं होतं. आणि पणजोबांपासून जो सुरुवात करी त्याच्याच हातात मागाहून मायेस्त्रोची काठी जाई.

क्रिसांतोचं थोरलं लेकरू म्हणजे मिंदा. मिंदा कुवेतमध्ये एका खाटेला खिळलेल्या म्हातारीची सेवा करीत होती. ताताय पहिल्यांदा लोळागोळा होऊन पडले तेव्हा ती धावत आली होती, सगळी रजा तेव्हाच संपली. आता दुसऱ्यांदा यायला मालकांनी नाही म्हटलं नव्हतं, नुसतं म्हाताऱ्या आईकडे बोट दाखवलं होतं. मिंदानं फोनवर सांगितलं तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "पिदोंग, तू वायरींचा माणूस ना आता? मग मला तिथे आण."

म्हणून ही वायर.

*

दहाच्या सुमारास पिदोंगच्या ऑफिसातली दोघं आली. शहरातून जीपनीनं तासभर हेलकावे खात, मांडीवर बिस्कोचो बिस्किटांचं खोकं सांभाळत. वेंग पुढे, बोग्स मागे. वेंग सत्तावीस वर्षांची, पिदोंगची साहेब. बोग्स एवढा जाड की नेटवर्कच्या खोलीत दोन रॅकच्या मधे शिरायचं काम त्याला कुणी सांगत नसे.

"लोलो," वेंगनं पिदोंगच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती खाली वाकून वायर बघू लागली. "हे टोक कुणी चेपलं? तुम्ही? चांगलं चेपलंय."

"लोलो?" नानाय प्रेसिंगनं पंखा हलवायचा थांबवला. "माझ्या मुलाला आजोबा म्हणता होय गं तुम्ही?"

"आमच्यात सगळ्यात म्हातारे तेच, नानाय," बोग्स म्हणाला. "हे शिकाऊ म्हणून आले तेव्हा आम्हाला वाटलं तपासणीला मोठे साहेब आले. आम्ही उभे राहिलो. पांढरे बूट, कडक इस्त्री! अर्धा दिवस यांना कॉफी आणून दिली मी."

"ते बँडचे बूट होते," पिदोंग म्हणाला. "दुसरे नव्हते."

"आणि वायरींना नावं काय दिली असतील? आम्ही आकडे लिहितो. यांनी लिहिलं सा, रे, ग, म. रात्रपाळीचा पोरगा मला फोन करतोय, बॉस, 'म' बंद पडलाय, काय करू? मी म्हटलं, 'प' वरून गा."

मागच्या बाकावरच्या बायका खुदकन हसल्या. मयताच्या घरात हसायला बंदी नसते, उलट पेटीजवळ माणसं हसली की मेलेल्याला एकटं वाटत नाही असंच मानतात. नानायही हसली, आणि त्या हसण्यातच पदर तोंडाला लावावा तसा तिनं रुमाल लावला.

"परीक्षेचं सांग," वेंग बोग्सला म्हणाली.

"नको," पिदोंग म्हणाला.

"सांगच," नानाय म्हणाली. "मला कुणी काही सांगत नाही. हा परीक्षेत एकदा नापास झाला एवढंच ठाऊक."

बोग्सनं खुर्ची पुढे ओढली. "नानाय, ते सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय कुणी कायम होत नाही. यांनी अभ्यास केला म्हणजे किती! जेवायच्या सुट्टीत पुस्तक, जीपनीत पुस्तक. आम्ही पैज लावली होती की लोलो पहिले येणार. गेले. आणि थोड्याच वेळात बाहेर! आम्ही टाळ्या वाजवल्या, म्हटलं इतक्या लवकर संपवली. हे म्हणतात, नाही, मी आधी नुसती चाळून बघितली. एक प्रश्न बघायचा, पुढे जायचं, दुसरा बघायचा, पुढे. शेवटपर्यंत. मग म्हटलं आता पहिल्यापासून सोडवू या. तर मागे जायचं बटणच नाही!"

"असं कसं?"

"तसंच असतं ते, नानाय. एकदा पुढे गेलात की गेलात. सगळ्या जगाला ठाऊक आहे. कागदावर लिहिलंय, भिंतीवर लिहिलंय, बाई तोंडानं सांगते. पण यांचं बोट थांबेल तर ना!"

सगळे हसले. तियो बासिल्यो मात्र हसला नाही. बाकावर ट्रम्पेट पुशीत बसलेला त्याचा मुलगा रोदेलही नाही. कारण बँडमधल्या दोघांनाही कळलं होतं की बोट का थांबलं नाही. सुरावटीचा नवा कागद हातात आला की पहिला सूर लावण्याआधी शेवटपर्यंत डोळे फिरवून यायचे, कुठे वळण आहे, कुठे श्वास आहे ते बघून यायचं, हे क्रिसांतोनं या घरातल्या प्रत्येक पोराला छडी मारून शिकवलेलं होतं.

पिदोंगनं त्या संध्याकाळी घरी फोन केला होता. त्यानं बँड सोडल्यापासून बापलेकांत बोलणं उरलं नव्हतं, पण त्या दिवशी फोन तातायनीच उचलला. पिदोंगनं घडलं ते सांगितलं.  मग ताताय म्हणाले, "मग चूक माझी," आणि फोन नानायकडे दिला. दुसऱ्या खेपेला पिदोंग पास झाला, ते त्यांना कुणी सांगितलं की नाही, कोण जाणे. त्यांनी कधी विचारलं नाही. त्या नोकरीबद्दल सगळ्या जन्मात एकच गोष्ट विचारली होती त्यांनी, गेल्या नाताळात, भात वाढून घेताना.

"तिथे तू काय करतोस? ऐकू येतं का काही?"

"आम्ही नीट काम केलं तर काहीच ऐकू येत नाही, ताताय. काही बिघडलं तरच लोक ओरडतात."

"मग वाजवलं हे तुला कळतं कसं?" असं म्हणून ते माशाचे काटे काढू लागले होते.

*

तालमीला अकरा वाजता मिंदाला जोडलं. लग्नाकार्यात गाणी म्हणायचा तो कराओकेचा मोठा स्पीकर बोग्सनं उंबऱ्याशी उभा केला. ("गुण देणारं बटण बंद केलंय," तो नानायच्या कानात म्हणाला, "नाहीतर शेवटी टाळ्या वाजवून आकडा सांगेल हरामखोर.") पडद्यावर मिंदा दिसली. मागे पांढऱ्या फरशा, एक प्लास्टिकची खुर्ची. म्हातारीचं न्हाणीघर. त्या घरात मोठ्यानं आवाज काढता येईल अशी ती एकच जागा होती.

"तातायना दाखव," ती म्हणाली.

पिदोंगनं फोन पेटीच्या काचेवर धरला. नानाय घाईनं पुढे झाली आणि तिनं फोनची कड पुसली, जणू मिंदाचे डोळे तिथून काचेवर गळतील. मेलेल्याच्या काचेवर टिपूस पडू देत नाहीत.

"भुवया कुणी काढल्यात अशा?" मिंदा म्हणाली. "रागावल्यासारखे दिसतात."

"रागावलेच होते," तियो बासिल्यो म्हणाला. "चल, सुरू कर पोरी. ऊन चढतंय."

मिंदानं डोळे मिटले.

*हळू जा रे ओहोटी, नाव अजून वाळूत...*

खोलीतली सगळी कुजबुज थांबली. फरशांवरून घुमून येणारा तो आवाज जाड झाला होता, म्हातारा झाला होता, पण ओहोटीच्या 'टी'वर किंचित वर जायची त्याची खोड तशीच होती. दुसऱ्या ओळीला रोदेलनं ट्रम्पेट उचललं, तियोनं ढोलावर हलका हात टाकला.

*माझ्या बापाचं पाऊल अजून ओलं अंगणात.*

आणि तिथेच घोटाळा झाला. मिंदा रेंगाळली. ती रेंगाळली म्हणून ढोल रेंगाळला. ढोल ऐकून ती आणखी थांबली. दाराशी दोन भली माणसं एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही म्हणत राहावीत तसं ते गाणं पुढे सरकेना. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ते आपोआप निजलं.

"तुम्ही मागे का पडता?" स्पीकरमधून मिंदाचा आवाज आला.

"आम्ही?" तियो ओरडला. "तू थांबतेस!"

"तुम्ही मागे पडता म्हणून मी थांबते!"

पुन्हा एकदा करून पाहिलं, पुन्हा तेच. वेंगनं पिदोंगकडे बघितलं. दोघांनाही कळलं होतं. आवाज समुद्राखालून येतो तेव्हा त्याला वेळ लागतो. क्षणभराचाच, बोलताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण तिचा सूर इथे यायला एक क्षण, इथला तिच्याकडे जायला दुसरा. तिला बँड कायम उशिरा ऐकू येणार.

"लाईन चांगली आहे," वेंग हळूच म्हणाली. "याहून चांगली नाही होणार, लोलो. अंतर आहे ते."

तियो बासिल्योनं ढोलाची काठी खाली ठेवली. तो आता ओरडला नाही, आणि म्हणून सगळे ऐकू लागले.

"प्रेसिंग, तू बघितलंस. मी काही वाईट म्हणत नाही पोरीला. पण तुझा नवरा या गावात कधी बेताल वाजला नाही. त्याला असं तुटक तुटक बाहेर काढू का मी? रोदेल सुरुवात करेल. माझा पोरगा आहे म्हणून म्हणत नाही. बँडचा तुबा विकायची वेळ आली त्या वर्षी कोण राहिलं इथे? जत्रांतून लोक स्पीकर भाड्यानं आणायला लागले, बँडला बोलवेनात, तेव्हा कोण राहिलं? आम्ही फुकट वाजवलं. हा शहरात गेला, गार खोलीत."

"तियो..."

"खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. पिदोंगनं आईकडे पाहिलं. नानाय पंख्यानं पेटीवरच्या माशा वारत होती. ती म्हणाली, "बासिल्यो म्हणतो ते बरोबर आहे, पिदोंग. मिंदाला सांग नुसतं बघ म्हणून."

स्पीकर चालूच होता. मिंदानं सगळं ऐकलं. पडद्यावर ती फक्त उठली, तिनं न्हाणीघराचं दार किंचित उघडून म्हातारी झोपलीय ना ते बघितलं, आणि परत येऊन बसली.

पिदोंगला ते दार बघवेना.

"तियो," तो म्हणाला, "काठी रोदेलला द्या."

"काय?"

"मायेस्त्रोची काठी. आजच, सगळ्यांसमोर. मिंदा सुरुवात करेल, पण काठी तिच्याकडे येणार नाही, माझ्याकडेही नाही. आमच्या घराचा हक्क संपला. मी नानायसमोर सांगतो. फक्त तिला म्हणू द्या."

कुठेतरी कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला. रोदेलचा चेहरा लाल झाला होता. "मला अशी नको, मानोंग," तो आपल्या थोरल्या चुलतभावाला म्हणाला. "मी त्यासाठी..."

"गप रे," तियो म्हणाला. त्यानं नाक ओढलं. जे मागायला तो तयारीनं आला होता ते न मागता मिळालं होतं, आणि आता ते हातात कसं धरावं हे त्याला कळत नव्हतं. "आणि ताल? काठी दिलीस म्हणून समुद्र जवळ येतो का?"

"ताल मी बघतो."

"तू बघतोस!" तियोनं पेटीच्या पायथ्याशी ठेवलेली क्लॅरिनेट उचलली, भावाची, आणि पुतण्याच्या हातात कोंबली. "मायेस्त्रोचा मुलगा रिकाम्या हातानं उभा राहिला तर गाव थुंकेल माझ्यावर. धर ही. वाजवू नकोस, वाजवायचं विसरला असशील. पण तोंडाकडची पात तेवढी ओली कर, लोकांना बरं दिसतं."

*

स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात पान्सितच्या शेवया शिजत होत्या. पिदोंग फोन घेऊन पाण्याच्या माठाशी बसला.

"मनांग," तो थोरल्या बहिणीला म्हणाला, "एक सांगतो, रागावू नकोस."

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे."

"तुझ्याकडे आमचा आवाज बंद कर. आणि डोळे मीट, चित्रही बघू नकोस. ते पण उशिरानंच येतं."

"मग मला ऐकू काय येईल?"

"तुझं तुला."

 तिच्या मागे नळ ठिबकत होता.

"म्हणजे ताताय घरातून निघणार," ती सावकाश म्हणाली, "त्यांचा बँड वाजणार, आणि मी ऐकायचं नाही."

"तू ऐकलंस की थांबतेस. आमची वाट बघतेस. लहानपणापासूनच तुझी सवय ती. शाळेतून येताना मी मागे राहिलो की थांबायचीस. आज थांबू नकोस, मनांग. मागे वळून न बघता चालत राहा. आम्ही येतो तुझ्यामागून. आम्हाला तू नीट ऐकू येशील, आम्ही तुझ्या तालावर वाजवू. इथे सगळं एकत्र होईल."

"इथे."

"हो. इथेच फक्त."

"आणि तुम्ही नाही आलात मागून, तर?"

"येऊ."

"मला कळणार कसं, पिदोंग?"

हाच प्रश्न गेल्या नाताळात तातायनी विचारला होता.  पातेल्यावरचं झाकण वाफेनं थडथडलं.

"नाही कळणार," तो म्हणाला.

मिंदानं ओढणीनं नाक पुसलं. मग अचानक हसली, रडवेली. "इतकं शिकलास, परीक्षा दिल्यास, आणि शेवटी मला काय सांगतोस तर आवाज बंद कर."

"पुस्तकात पहिल्या पानावर तेच आहे. आधी बंद करून बघा."

"मेल्या," ती म्हणाली. "बरं. करते."

*

दुपारी माणसं अंगणात मावेनात. खांदेकऱ्यांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. बँडनं उंबऱ्यासमोर अर्धवर्तुळ धरलं. रोदेल मधे, त्याच्या काखेत मायेस्त्रोची काठी, जिच्याकडे तो एकदाही बघत नव्हता. पिदोंग कडेला, हातात बापाची क्लॅरिनेट. सवयीनं त्यानं पात ओठांत धरली होती. ती जुनी होती, कडेला चावलेली. तातायचे दात.

"बॅटरी?" वेंगनं विचारलं.

"दुकानात बसवलीय. वीज गेली तरी चालेल."

वेंगनं बोटानं खूण केली. पलीकडे मिंदानं मान हलवली, कानाकडचं काहीतरी बंद केलं, डोळे मिटले. आता ती त्यांची राहिली नव्हती, एकटी होती.

*हळू जा रे ओहोटी, नाव अजून वाळूत,*

बँडनं श्वास घेतला.

*माझ्या बापाचं पाऊल अजून ओलं अंगणात.*

आणि ढोल पडला तो नेमका तिच्या पावलावर. ट्रम्पेट तिच्या आवाजाखाली हातासारखं आलं. ती थांबली नाही. कुणासाठीच थांबली नाही. तियो बासिल्यो डोळे बारीक करून स्पीकरकडे असा बघत होता की जणू त्यात भाऊच बसलाय.

*हळू ये रे वाऱ्या, शीड अजून मिटलेलं,*
*माझ्या बापाच्या ओठी गाणं अर्धं उरलेलं.*

खांदेकरी वाकले. पेटी उचलली गेली. नानायचा हात काचेवरून घसरला.

त्याच वेळी घरातला पंखा मंदावला.

पेटीच्या दोन्ही बाजूंचे दिवे गेले. रस्त्यापलीकडचा रेडिओ गेला. स्पीकर स्वतःच्या बॅटरीवर जिवंत होता, पण त्यातून आता वाऱ्यासारखी नुसती सरसर येत होती. पडद्यावर मिंदा थिजली होती, तोंड अर्धं उघडं.

वेंग खाली बसून दुसरी लाईन जोडत होती. "बॅटरी का नाही चालली? बोग्स, पळ!" मग वर बघून, ओठांनीच, "जोडते मी, पण तिला फोन पुन्हा उचलावा लागेल. लोलो, तिला घंटा ऐकू नाही येणार."

आवाज बंद, डोळे मिटलेले. त्यानंच सांगितलं होतं.

पेटी खांद्यावर होती, उंबऱ्यावर. ढोल एका ठोक्यावर टांगला गेला होता. रोदेलनं ट्रम्पेट खाली घेतलं आणि पिदोंगकडे पाहिलं. तियोनंही पाहिलं.

न्हाणीघरात, त्या पांढऱ्या फरशांमध्ये, ती आता तिसऱ्या कडव्यावर येत होती. तिला कुणी सांगू शकत नव्हतं. ती चालत होती, मागे वळून न बघता, आणि मागे कुणी नव्हतं.

पिदोंगनं पात ओठांत घट्ट धरली आणि फुंकली.

पहिला सूर फाटका आला. बोटं लाकडासारखी झाली होती. पण दुसऱ्या सुराला वाट सापडली. तो मिंदाच्या ओळी वाजवत होता, बँडच्या नव्हे. तिचा श्वास जिथे संपतो तिथे श्वास घेत, तिची खोड जिथे वर जाते तिथे वर जात. त्याला ती ऐकू येत नव्हती, आणि तरी ती आता कुठवर आली असेल हे त्याच्या पोटाला कळत होतं.

*जा रे आता ओहोटी, आता नाही अडवत,*
*पाण्याचं ते पाण्याला, काठ नाही रडत.*

ढोल आला. ट्रम्पेट आलं. 'पाण्याला' वर ताताय नेहमी सूर धरून ठेवत, छातीतलं सगळं संपेतो, आणि बँड त्यांच्या तोंडाकडे बघत ताटकळत राही. पिदोंगनं तो सूर धरला. डोळ्यांपुढे काळोखी येईपर्यंत धरला. मग सोडला.

पेटी उंबऱ्याबाहेर आली.

*

मिरवणूक चर्चच्या वळणावर पोचली तेव्हा बोग्स धापा टाकत आला. आलिंग तेरिंगनं कमरेवर हात ठेवून त्याला सांगितलं होतं: पोरा, एवढी माणसं येणार, थंड पाणी नको का द्यायला? म्हणून तिनं बर्फाचा फ्रीज त्याच बॅटरीवर लावला होता, सकाळपासून. बोग्सच्या हातात बर्फाच्या पाण्याची पिशवी होती. ती त्यानं काही न बोलता तियो बासिल्योला दिली. तियोनं दोन घोट घेतले आणि उरलेली पुतण्यापुढे धरली.

"पात नीट ओली केली होतीस," तो म्हणाला. एवढंच. मग ढोल पोटावर सरकवून पुढे गेला.

वेंगनं फोन पिदोंगच्या हातात दिला. मिंदानं डोळे उघडले होते, फोन उचललाही होता.

"पिदोंग? मी संपवून तुमचं चित्र बघितलं, काळंच होतं सगळं. जुळलं का?"

पिदोंगला श्वास अजून सापडत नव्हता. "जुळलं, मनांग."

"शेवटपर्यंत?"

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. पेटी पुढे पुढे जात होती, तिच्यावर ऊन होतं.

"खरं सांग. ते 'पाण्याला' वर मी फार धरलं. ताताय धरायचे तसं. मला वाटलं तुम्ही सगळे पुढे निघून गेला असाल आणि मी आपली एकटीच तिथे..."

"नाही," पिदोंग म्हणाला.  "आम्हीही तिथेच थांबलो होतो."

 मिंदानं तोंडावर हात दाबला आणि सकाळपासून पहिल्यांदा रडली. फरशांवरून ते रडणं घुमून येत होतं. दूर कुठेतरी म्हातारीनं तिला हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

"मनांग, वीज गेली होती," तो म्हणाला. "ते मग सांगेन." आणि त्यानं फोन छातीवरच्या खिशात ठेवला, तोंड बाहेर करून. पुढे रोदेलनं काठी वर केली. अवघडून, उलटीच धरली होती त्यानं. बँडनं चालीचं संगीत उचललं. ती चाल मिंदाकडे जरा उशिरानंच पोचणार होती, सगळ्यांच्या एक पाऊल मागून.

"आता आवाज सुरूच ठेव," पिदोंग खिशाकडे मान वाकवून म्हणाला. "आता जुळवायचं काही नाही. आता नुसतं ऐक."